गुडघ्याएवढ्या उंचीवर

१

नव्या भाडेकरूचं सामान तिसऱ्या मजल्यावर पोचायच्या आधीच त्यात काय काय आहे, हे जयवंताबाईंना ठाऊक झालेलं असे. टेम्पो खाली लागला की त्या गॅलरीत येऊन उभ्या राहायच्या. हातात मेथीची जुडी असायची, म्हणजे कोणी काही म्हणायला नको. शेजारच्या फ्लॅटमध्ये सहा वर्षांत चार बिऱ्हाडं येऊन गेली होती. कोणाच्या कुकरला किती शिट्ट्या व्हायच्या आणि कोणाची सासू कोणत्या वारी यायची, हे त्या न अडखळता सांगू शकत होत्या. त्यात त्यांचा दोष म्हणावा तर अर्धाच. दोन घरांमधली भिंतच इतकी पातळ होती की इकडे त्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहिलं तर तिकडच्या हॉलमधला पंखा कितीवर फिरतो तेही कळावं.

रितिका मार्चमध्ये आली. उमरेडची पोरगी, नागपूरच्या मिहानमधल्या एका ऑफिसात कामाला, एकटीच. सामान पाहून जयवंताबाईंची जरा निराशाच झाली. एक गादी, एक घडीचं टेबल, शेगडी, कूलर आणि तीन खोके. घरमालक नत्थूजी इतवारीतलं आपलं भांड्यांचं दुकान सोडून किल्ली द्यायला आले होते. त्यांनी जिन्यातच सांगून टाकलं, "पोरी, एक गोष्ट आधीच सांगतो. भिंतीले खिळा नाही. ड्रिल नाही, रंग नाही. जाशीन तवा भिंत मी जशी दिली तशी मले पाहिजे."

"जशीच्या तशी भेटन काका," रितिका म्हणाली.

मग रविवारी तिने ते खोके उघडले आणि जयवंताबाई कात्री धरायला म्हणून गेल्या त्या संध्याकाळपर्यंत तिथेच राहिल्या. असलं काही त्यांनी पाहिलं नव्हतं. मागचा कागद सोलून दाबले की चिकटणारे हूक. पानाफुलांचा वॉलपेपर, तोही चिकटवायचा आणि जाताना ओढून काढायचा. दोन भिंतींच्या मध्ये नुसता ताणून अडकवायचा पडद्याचा दांडा. पडद्याचं कापड मात्र पोरीने इतवारीत फिरून घासाघीस करून आणलेलं.

"भाड्याच्या घराले एवढं कोण सजवते वं?"

"काकू, राहतो तितके दिवस तर आपलंच ना."

सगळ्यात शेवटी तिने एक तसबीर काढली, ओढणीत गुंडाळलेली. दोन हूक लावून ती तिने आपल्या डोक्याच्याही वर टांगली. चेहरा रितिकाचाच, फक्त वीस वर्षं पुढचा.

"आई?"

"हो. दोन वर्षं झाली."

एरवी जयवंताबाईंनी कशाने, कोणत्या दवाखान्यात, सगळं विचारलं असतं. त्या दिवशी त्यांनी नुसता पदराने काचेवरचा डाग पुसला.

किल्ली त्यांनीच मागून घेतली. दुपारी नळ कधीमधी येतो, ड्रम भरून ठेवीन म्हणाल्या. रितिकाने लगेच देऊन टाकली. त्या रात्री भाजी करताना जयवंताबाई गुणगुणत होत्या हे त्यांचं त्यांनाच नंतर लक्षात आलं. नवरा, रुपराव, जाऊन पाच वर्षं झाली होती. मुलगा आयुष बंगलोरला. रविवारी त्याचा फोन यायचा आणि "बाकी काय?" असं तो दुसऱ्यांदा म्हणाला की ठेवायची वेळ झाली हे त्यांना समजायचं.

आता रोज साडेसातला रितिका ऑफिसातून आली की आधी त्यांच्या दाराशी थांबायची. कधी चहा, कधी नुसतंच, "काकू, जेवल्या का?"

२

एप्रिल संपता संपता नागपूरची दुपार बंद पडते. रस्त्यावर माणूस नाही, झाडाचं पान हलत नाही, आणि गल्लीभर फक्त कूलरची घरघर. जयवंताबाईंचा कूलर समोरच्या खोलीत. पण दुपारी त्या स्वयंपाकघरातल्या फरशीवर आडव्या व्हायच्या, कारण तिथली फरशी गार असते. आणि खरं सांगायचं तर भिंतही तिथेच होती.

त्या दिवशी दोन वाजले असतील. डोळा लागत होता, तेवढ्यात आवाज आला.

चर्रर्र.

चिकटपट्टी भिंतीवरून सोलताना येतो तो. घाईचा नाही. कोणीतरी बोटाने टोक धरून, कागद फाटू नये म्हणून जपून ओढत होतं. थांबलं. मग पुन्हा. आणि मग तळहाताने दाबल्याचे दोन आवाज. थप. थप.

रितिका नऊलाच कंपनीच्या बसने गेली होती. जयवंताबाईंनी स्वतः गॅलरीतून पाहिलं होतं. वरच्या मजल्यावरून म्हणावं तर वर गच्ची. त्या उठून बसल्या, भिंतीला हात लावला. भिंत कोमट होती, मे तोंडावर आला की असते तशी. गोंद गरमीने सुटत असन, त्यांनी स्वतःला सांगितलं, पंचेचाळीस डिग्रीत काय टिकते.

संध्याकाळी त्यांनी सहज म्हणून विचारलं, "तुझे ते हूक गिक टिकून राहिले ना वं?"

"कुठचे काकू. सारे वीतभर खाली घसरले. गरमी किती आहे."

जयवंताबाईंना हायसं वाटलं. आत डोकावून त्यांनी पाहिलंही. चित्रं, दिव्यांची माळ, आईची तसबीर, सगळं वीतभर खाली आलं होतं.

घरी येऊन भाकरी थापताना त्यांचा हात थांबला. घसरलेली वस्तू तिरपी होते. ही सगळी सरळ होती. दोन चित्रांमधलं अंतरही तेवढंच होतं.

३

पुढच्या आठवड्यात आवाज तीनदा आला. चौथ्यांदा त्यांनी किल्ली घेतली.

आपण पाणी पाहायला जात आहोत, असं त्या मनाशी म्हणाल्या. दार उघडून त्यांनी मुद्दाम मोठ्याने खाकरलं, का ते त्यांनाही कळलं नाही.

आत कोणी नव्हतं. पडदा ओढलेला, उजेड पिवळसर. बाथरूम रिकामं, स्वयंपाकघर रिकामं, ओट्याखाली सिलिंडर. कूलर बंद होता, तरी खोली नुकताच बंद केल्यासारखी गार होती. गादीवरच्या चादरीला भिंतीच्या बाजूने एक खळगा पडला होता, कोणी तिथे टेकून बसतं तसा.

आणि भिंतीवरचं सगळं आता त्यांच्या कमरेशी आलं होतं.

माय गेलेल्या पोरीने तसबीर अशी लावलेली त्यांना सहन होईना. गेलेल्या माणसाला वर जागा देतात. येताजाता आपला पाय लागेल अशा ठिकाणी नाही. त्यांनी तसबीर उतरवली आणि हूक सोलला. चर्रर्र. तोच आवाज आपल्या बोटांतून निघताना ऐकून त्यांच्या मानेवर काटा आला. हूक निघाला तिथे भिंत स्वच्छ होती. मग वर, जिथे त्या रविवारी हूक होता तिथे, त्यांनी तळहात फिरवून पाहिलं. तिथेही काही नाही. डाग नाही, चिकटपणा नाही.

खिळा असता तर भोक राहिलं असतं. तसबीर कधी वर होती याला आता जयवंताबाईंच्या आठवणीखेरीज कुठलाच पुरावा नव्हता. आणि त्यांची आठवण, बीपीच्या गोळ्या सुरू झाल्यापासून, गॅस बंद केला की नाही एवढंही नीट सांगत नसे.

त्यांनी तसबीर टाचा उंचावून पोचली तेवढी वर लावली. निघताना दाराशी वळून पाहिलं. खळगा होता तसाच होता. चादर ओढून सरळ करायला हवी होती. ते त्यांच्याने झालं नाही.

४

त्याच संध्याकाळी रितिका आली ती दाराशी थांबली नाही. सरळ आत येऊन तिने जयवंताबाईंच्या गळ्यात हात टाकले.

"काकू, आईचा फोटो तुम्ही वर लावला ना?"

"हो वं. चांगलं दिसत नव्हतं ते."

"मले वाटलंच. रोज दुपारी येऊन तुम्हीच बसता ना आमच्याकडे?"

जयवंताबाई बोलायला गेल्या, पण पोरगी थांबेचना.

"मी कवाची विचारीन विचारीन म्हणत होती. गादीवर कोणी बसल्यासारखं दिसते. ओढण्या घडी करून ठेवलेल्या राहतात. पडलेलं सारं तुम्हीच चिकटवता, अन् हात पुरत नाही म्हणून खाली चिकटवता. मी मनात हसत होती." तिने डोळे पुसले. "खोटं नाही सांगत. घरी येताना वाटते, कोणी तरी घरात होतं. आई गेल्यापासून असं वाटलं नव्हतं. बसत जा काकू. रोज बसत जा."

आता इथे खरं बोलायला हवं होतं, हे काय जयवंताबाईंना कळत नव्हतं? मी आज एकदाच आली होती, घड्या मी नाही घातल्या, असं म्हटलं असतं की झालं. पण मग ही पोरगी रात्रभर दिवा लावून बसली असती आणि आठ दिवसांत टेम्पो खाली लागला असता. शेजारी पुन्हा कुलूप. साडेसातला जिन्यात पावलं वाजली असती ती दुसऱ्याच कोणाची. आणि गळ्यातले ते हात अजून तिथेच होते. आयुषने शेवटचे कधी टाकले होते, ते आठवावं लागलं असतं.

"मीच असते," जयवंताबाई म्हणाल्या. "दुसरं कोण येईन?"

५

त्यानंतर त्या किल्ली घेऊन एकदाही गेल्या नाहीत. आभार मात्र रोज येत राहिले.

काकू, माठ भरून ठेवला तुम्ही. काकू, कुर्त्याचं बटन लावलं. प्रत्येक वेळी जयवंताबाई, "त्यात काय," म्हणायच्या आणि घास गिळावा तसं ते गिळायच्या. एकदा रितिका म्हणाली, "कालचं पन्हं काय मस्त झालं होतं, अगदी आमच्या घरच्यासारखं." जयवंताबाईंनी यंदा अजून कैरी आणलीच नव्हती. त्या रात्री त्यांनी स्वतःच्या घरातली सगळी पातेली काढून पाहिली. न जाणो, आपणच केलं असेल आणि विसरलो असू. कुठेही कैरीचा वास नव्हता.

त्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. डॉक्टर म्हणाले, झोप घ्या, ऊन टाळा.

चित्रं गुडघ्याशी आली. तसबीरही. रितिकाला त्याचं काही वाटत नव्हतं. तिने घडीचं टेबल मिटून दाराआड ठेवलं होतं आणि ती आता फरशीवरच बसून जेवायची, फरशीवरच फोन बघायची. "खाली बसलं ना काकू, का सारं बरोबर डोळ्यासमोर येते. पहा बसून."

"माझे गुडघे नाही वाकत वं," जयवंताबाई दारातूनच म्हणाल्या.

"दुपारी तर वाकतात," रितिका हसून म्हणाली.

त्यांनी नत्थूजींना फोन लावला. आधीची बिऱ्हाडं का गेली, असं आडून विचारलं.

"भाडेकरू आहेत, येतात न जातात. पण एक सांगतो बाई, भिंत साऱ्यांनी एकदम कोरी ठेवली. कोणी राहून गेलं असं वाटत नाही."

शेवटी त्यांनी वेगळी वाट काढली. मौद्याला रितिकाची मावशी होती. "जाऊन ये न चार दिवस मावशीकडे," त्या म्हणाल्या. "थर्मल पॉवर स्टेशनात नोकरी आहे ना तुझ्या काकाजीले, क्वार्टरात एसी असन. इथं उन्हाचं काय ठेवलं आहे?"

रितिकाचा चेहरा उतरला. "काहून काकू? मी कंटाळा आणून राहिली का तुम्हाले?"

"नाही वं माय. मी कशी कंटाळीन?"

"मग मी नाही जात," रितिका म्हणाली.

६

मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका मंगळवारी रितिका दुपारी बारालाच रिक्षाने परत आली. जयवंताबाईंनी गॅलरीतून पाहिलं. डोकं ओढणीने बांधलेलं, चाल भेलकांडत. जिन्यात जाऊन त्यांनी तिचा दंड धरला. अंग तव्यासारखं तापलं होतं.

"ऊन लागलं तुले. चल माझ्याकडे पड."

"नको काकू. माझ्याच गादीवर बरं वाटन."

"बरं, तू पड. मी कांद्याचा रस काढून आणते, तळपायाले चोळून देते. दाराले कडी नको लावू."

पाच मिनिटांचं काम. त्यांनी दोन कांदे सोलले, किसणी घेतली, आणि किसता किसता त्यांचा हात मंदावला.

भिंतीपलीकडे रितिका बोलत होती.

फोनवर असेल, त्यांना वाटलं. पण फोनवर माणूस असं बोलत नाही. जवळ बसलेल्याशी बोलावं तसा तिचा आवाज हळू होता.

"बसा ना काकू. किती लवकर आल्या."

जयवंताबाईंच्या हातातून कांदा ताटात पडला.

पलीकडे थोडा वेळ शांत. उत्तराला लागेल तेवढाच वेळ. मग रितिका म्हणाली, "नाही, डोकंच दुखते फक्त." पुन्हा तेवढीच शांतता. "आई असंच करत होती. अगदी असंच." आणि मग, जरा थांबून, झोपेत आल्यासारखी, "तुमचा हात किती थंडा आहे."

तापात माणूस बडबडतं. रुपरावही शेवटी बडबडत होते, भिंतीकडे पाहून बहिणीला हाका मारत होते. हे सगळं जयवंताबाईंनी स्वतःला सांगितलं, ओट्याला घट्ट धरून. मग चिकटपट्टीचा आवाज आला. चर्रर्र. या वेळी तो फार खालून आला, अगदी त्यांच्या पावलांजवळून, आणि त्याच वेळी रितिका लांब गादीवरून बोलत होती.

७

त्या अनवाणीच धावल्या. दार लोटलं तर आतून बंद.

"रितिका. दार उघड बेटा. मी काकू."

बऱ्याच वेळाने पावलं आली. साखळीपुरतं दार उघडलं. रितिकाचा चेहरा लालबुंद, कपाळावर ओला नॅपकिन, तो तिने दोन्ही हातांनी दाबून धरलेला. तिने जयवंताबाईंकडे पाहिलं, मग मागे वळून पाहिलं, मग पुन्हा जयवंताबाईंकडे.

"काकू तर इथं आहेत," ती म्हणाली. भीती नव्हती तिच्या आवाजात. हिशेब जुळत नसलेल्या माणसाचा तो आवाज होता.

"ती मी नाही. ऐक माझं. मी एकच दिवस आली होती, फोटो वर लावला त्या दिवशी. ओढण्या, पन्हं, ते काहीच मी नाही केलं. मी खोटं बोलली तुझ्याशी."

"खोटं? काहून?"

"तू निघून जाशीन म्हणून." जयवंताबाईंच्या तोंडून ते एकदाचं निघालं आणि पाठोपाठ रडू. "आता जा माय. माझ्यासाठी नको राहू. साखळी काढ, मी धरते तुले, आपण खाली जाऊ."

रितिका विचार करत होती. दिसत होतं ते. महिनाभर जिने माठ भरला, बटन लावलं, कपाळावर हात ठेवला, ती एकीकडे. आणि दारात उभी असलेली, कांद्याचा वास येणारी, स्वतःच्याच तोंडाने मी खोटी म्हणणारी एक बाई दुसरीकडे. तिने पुन्हा मागे वळून पाहिलं. समोर नाही पाहिलं, खाली पाहिलं, फरशीवर बसलेल्याकडे पाहावं तसं. आतून काही बोललं गेलं असलं तर ते जयवंताबाईंना ऐकू आलं नाही. पण रितिकाने मान हलवली.

मग दार मिटू लागलं.

रितिकाचे दोन्ही हात अजून कपाळावरच होते. जयवंताबाईंची नजर आपोआप खाली गेली. गुडघ्याएवढ्या उंचीवर, दाराच्या कडेला, चार बोटं आतून बाहेर वळली होती. ती दार ओढत होती, घाई न करता, कुठे ओरखडा पडू नये अशा बेताने. फट बोटांपुरती उरली तेव्हा ती आत सरकली.

दारांना वर एक कडी असते, खाली एक. वरची लागली नाही. खालची लागली.

जयवंताबाईंनी कमरेची किल्ली काढून कुलपात फिरवली. ती फिरली. दार हललं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी दार वाजवलं, हाका मारल्या. दुपारचे साडेबारा झाले होते, गल्लीत सगळे कूलर घरघरत होते, आणि जिन्यातून कोणी वर आलं नाही. थकून त्यांनी दाराला कान लावला.

आत रितिका कोणाची तरी समजूत काढत होती, फार मायेने.

"जाऊ द्या काकू. बाहेरच्या बाईले ऊन लागलं असन."